लाख, कोटी, मिलियन, बिलियन : हिशेबाच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी मोठ्या आकड्यांच्या रूपांतराची वाट

फोर्टमधल्या एका लेखापरीक्षण कार्यालयात मी उमेदवारीला लागले, त्या महिन्यात माझ्यापुढे एका कंपनीचे लागोपाठच्या दोन वर्षांचे दोन अहवाल आले. आधीच्या अहवालात विक्रीचा आकडा ४,५२० होता आणि नंतरच्या अहवालात ४८०. विक्री जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कोसळली, असे टिपण मी मोठ्या गांभीर्याने लिहून वरिष्ठांकडे पाठवले. त्यांनी काही न बोलता दोन्ही अहवालांच्या पानांचा उजवा कोपरा पेन्सिलीने गोल करून ते कागद परत केले. एका कोपऱ्यात ‘लाखांत’ असे छापलेले होते आणि दुसऱ्यात ‘मिलियनमध्ये’. म्हणजे विक्री ४५ कोटी २० लाखांवरून ४८ कोटींवर गेली होती. घसरण नव्हे, सहा टक्क्यांहून थोडी अधिक वाढ.

मुंबईत आकड्यांचे काम करणाऱ्याला दोन मोजपद्धतींत एकाच वेळी वावरावे लागते. लोकलमध्ये वाचलेल्या वर्तमानपत्रात महापालिकेचा अर्थसंकल्प कोटींत असतो, कार्यालयात पोचल्यावर परदेशी ग्राहकाचा ईमेल मिलियनमध्ये असतो आणि पावसाळ्यात धरणांचा साठा दशलक्ष लिटरमध्ये येतो. यांतले गणित चौथीच्या पुढचे नाही, तरीही चुका होतात आणि त्या जवळजवळ नेहमी दहापटीच्या किंवा शंभरपटीच्या असतात. म्हणून मी स्वतः पाळते तो क्रम येथे पायऱ्यांनी मांडला आहे.

सुरुवातीला जवळ काय असावे

- मूळ कागद, आणि तोही पूर्ण पानाचा. तक्त्याचा कापलेला फोटो आला असेल, तर संपूर्ण पान मागवावे, कारण एकक बहुधा कापलेल्या भागात राहून गेलेले असते.
- परकीय चलन असल्यास विनिमय दर आणि तो कोणत्या तारखेचा आहे याची नोंद.
- चौकटीची वही. एका चौकटीत एक अंक लिहिला की शून्ये मोजताना डोळा चुकत नाही.
- बारा अंकी कॅल्क्युलेटर; त्याची मर्यादा सातव्या पायरीत सांगितली आहे.

पायरी १ : आकड्याआधी एकक वाचावे

वित्तीय विवरणाचे एकक साधारणपणे तक्त्याच्या डोक्यावर उजवीकडे बारीक अक्षरांत दिलेले असते. कंपनी कायदा, २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीनुसार एकूण उत्पन्न शंभर कोटींपेक्षा कमी असलेल्या कंपनीला शेकडा, हजार, लाख किंवा दशलक्ष यांपैकी एका एककात आकडे पूर्णांकित करावे लागतात, आणि शंभर कोटी किंवा त्याहून अधिक उत्पन्न असलेल्या कंपनीला लाख, दशलक्ष किंवा कोटी यांपैकी एकात. एकदा निवडलेले एकक त्या विवरणांमध्ये सर्वत्र सारखेच ठेवावे लागते, परंतु हे बंधन त्या त्या वर्षीच्या विवरणांपुरते असते. पुढच्या वर्षी कंपनीने एकक बदलले, तर नव्या अहवालात गतवर्षीचा स्तंभही नव्या एककात मांडलेला सापडतो. तुलना तेथूनच करावी, दोन वेगळ्या अहवालांतून आकडे वेचून करू नये. माझी चूक नेमकी तीच होती.

डोक्यावर ‘कोटींत’ लिहिलेल्या पानावरही एक ओळ अपवाद असते. प्रति समभाग उत्पन्न हे रुपयांतच असते. तेथे १८.४० दिसले, तर ते अठरा रुपये चाळीस पैसे आहेत, अठरा कोटी नव्हेत.

पायरी २ : स्वल्पविराम काढून टाकावेत आणि अंक उजवीकडून मोजावेत

आपल्या पद्धतीत उजवीकडून पहिला स्वल्पविराम तीन अंकांनंतर आणि पुढचे दोन-दोन अंकांनंतर येतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत सगळेच तीन-तीन अंकांनंतर येतात. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. हीच संख्या परदेशी अहवालात १२,४४२,३७३ अशी छापली जाते. संख्या एकच, पण घाईत वाचणारा पहिल्या स्वल्पविरामापूर्वीचे ‘१२’ पाहून ‘बारा कोटी’ म्हणून मोकळा होतो, आणि बारा कोटी तर त्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राचीही लोकसंख्या नव्हती. ती ११,२३,७४,३३३ होती.

म्हणून स्वल्पविरामांवर विश्वास न ठेवता ते सगळे पुसावेत, उरलेले अंक वहीच्या चौकटींत लिहावेत आणि शाळेत म्हणत होतो तसे उजवीकडून ‘एकं, दहं, शतं, सहस्र’ म्हणत डावीकडे जावे. हा उपाय बालिश वाटतो, हे मला मान्य आहे. वीस वर्षे हिशेब लिहिणारे लोकही मोठी रक्कम आली की ओठांतल्या ओठांत हेच पुटपुटतात, हे मी पाहिले आहे.

जर्मनीसारख्या युरोपीय देशांतून आलेल्या कागदांत आणखी एक वळण असते. तेथे स्वल्पविराम हे दशांशचिन्ह असते आणि हजारांचे गट बिंदूने पाडतात, त्यामुळे १.२३४.५६७,८९ म्हणजे आपले १२,३४,५६७.८९. मात्र १.२३४ एवढेच लिहिलेले असेल, तर ते एक हजार दोनशे चौतीस की सव्वाच्या आतले काहीतरी, हे शेजारच्या आकड्यांवरूनच ठरवावे लागते.

पायरी ३ : तीन खुणा पाठ कराव्यात, बाकीचे त्यांवरून काढावे

- दहा लाख म्हणजे एक मिलियन, अर्थात एक दशलक्ष : एकावर सहा शून्ये.
- शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, अर्थात एक अब्ज : एकावर नऊ शून्ये.
- एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन : एकावर बारा शून्ये.

लांबलचक तक्ते भिंतीवर चिकटवण्याचा सल्ला मी देत नाही, कारण तक्ता जवळ नसतानाच गरज पडते. या तीन खुणा डोक्यात असल्या की उरलेले दशांशचिन्ह सरकवण्याचे काम आहे. कोटींवरून मिलियनवर जाताना आकडा दहापट होतो, लाखांवरून मिलियनवर जाताना तो एक दशांश होतो, आणि कोटींवरून बिलियनवर जाताना दशांशचिन्ह दोन घरे डावीकडे सरकते. एकक मोठे झाले की आकडा लहान व्हायलाच हवा; उत्तर उलट दिशेला गेले असेल, तर गुणाकार आणि भागाकार यांची अदलाबदल झालेली आहे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७.४१ कोटी रुपयांचा होता. रुपयांत पूर्ण लिहिल्यास ७,४४,२७,४१,००,००० आणि आंतरराष्ट्रीय स्वल्पविरामांनी ७४४,२७४,१००,०००. म्हणजे ७,४४,२७४.१ मिलियन, ७४४.२७ बिलियन किंवा पाऊण ट्रिलियनला किंचित कमी. रुपयांतली पूर्ण संख्या मध्ये एकदा लिहून काढण्याचा हा थांबा नवख्याने टाळू नये. तो टाळला की १.२ बिलियनचे १२ कोटी होतात. खरे उत्तर १२० कोटी आहे, आणि मी पाहिलेल्या चुकांत ही सर्वांत जास्त वेळा झालेली चूक आहे.

पायरी ४ : एकाच नावाच्या दोन किमती ओळखाव्यात

मराठीतला अब्ज आणि हिंदीतला अरब हे दोन्ही एकावर नऊ शून्ये, त्यामुळे तेथपर्यंत घोटाळा नाही. त्याच्या पुढे मात्र वाटा फुटतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दिलेली आणि मराठी शाळांत पाठ करून घेतली जाणारी मालिका प्रत्येक पायरीला दहापट वाढते : अब्जापुढे खर्व, मग निखर्व, मग महापद्म. या मालिकेत खर्व म्हणजे एकावर दहा शून्ये, तर हिंदीत प्रचलित असलेला खरब म्हणजे एकावर अकरा शून्ये. महापद्म आपल्याकडे एकावर बारा शून्ये, म्हणजे नेमका ट्रिलियन. परंतु हिंदीतला पद्म एकावर पंधरा शून्ये घेऊन येतो. गंमत अशी की ज्या ‘अर्बुद’ शब्दावरून हिंदीतला अरब आला, तो लीलावतीत एकावर आठच शून्यांचा आहे. तात्पर्य, हिंदी मजकुरातला खरब मराठीत आणताना नुसते खर्व लिहून भागत नाही. माझे मत विचाराल, तर व्यवहारात अब्जाच्या पुढचा एकही पारंपरिक शब्द वापरू नये. ‘लाख कोटी’ हा जोड शब्दकोशात शोभणार नाही, पण वाचणाऱ्याला तो कळतो.

बिलियनलाही असाच इतिहास आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये धरत. १९७४ मध्ये तेथील सरकारने आपल्या आकडेवारीत नऊ शून्यांचा अर्थ स्वीकारला. त्यामुळे जुने ब्रिटिश ग्रंथ किंवा दस्तऐवज चाळताना प्रकाशनाचे वर्ष पाहावे. जर्मन भाषेत आजही नऊ शून्यांना मिलिआर्ड आणि बारा शून्यांना बिलिओन म्हणतात.

जपानी कंपन्यांशी काम असेल, तर तेथे गट चार-चार शून्यांनी पडतात. दहा हजाराला ‘मान’ आणि दहा कोटीला ‘ओकू’ असा स्वतंत्र शब्द आहे. इंग्रजी अनुवादात ‘हंड्रेड मिलियन येन’ असे अवघडलेले एकक दिसले, की ते मुळातले ओकू असते, आणि आपल्यासाठी ते सरळ दहा कोटी येन.

पायरी ५ : चलन आणि एकक एकाच दमात बदलू नयेत

डॉलरमधली रक्कम कोटी रुपयांत आणताना शून्ये आणि दर एकाच गुणाकारात घेण्याचा मोह होतो. त्याऐवजी एक लहान नियम लक्षात ठेवावा : दराला दहाने भागले की एक मिलियन डॉलरचे कोटी रुपये मिळतात. हिशेबापुरता डॉलरचा दर ८५ रुपये धरला, तर एक मिलियन डॉलर म्हणजे साडेआठ कोटी, २५ मिलियन म्हणजे २१२.५ कोटी. बिलियन असेल तर याच्या हजारपट, म्हणजे एक बिलियन डॉलरचे ८,५०० कोटी आणि ३.२ बिलियनचे २७,२०० कोटी. एक ट्रिलियन डॉलर ८५ लाख कोटींचा. उलट दिशेने जाताना कोटींना साडेआठने भागले की मिलियन डॉलर येतात. वर पाहिलेला महापालिकेचा अर्थसंकल्प या दराने सुमारे ८,७५६ मिलियन, म्हणजे पावणेनऊ बिलियन डॉलरच्या घरात जातो.

दर कोणता घ्यावा, हे ज्याच्यासाठी काम करत आहात त्याला विचारावे. डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक जाहीर करीत असे. जुलै २०१८ पासून ते एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था जाहीर करते. त्या यादीत येनचा दर शंभर येनांसाठी दिलेला असतो, एका येनासाठी नव्हे, आणि ते न पाहता गुणाकार केला की उत्तर शंभरपट फुगते.

पायरी ६ : दुहेरी एकके सोडवावीत

रुपयांच्या बाहेर पडल्यावर ‘लाख दशलक्ष’, ‘हजार दशलक्ष’ अशी एकावर एक चढवलेली एकके भेटतात. मुंबईकरासाठी याचे उत्तम उदाहरण म्हणजे पाणी. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांची एकत्रित उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. पावसाळ्यात हा आकडा वर्तमानपत्रांत येतो आणि ‘चौदा लाख लिटर’ असा पुढे सांगितला जातो. चौदा लाख लिटर पाणी टँकरनेही आणता येईल. ते साधारण दीडशे टँकरांचे काम आहे. दशलक्षाची सहा शून्ये लावल्यावर ही क्षमता १,४४,७३६ कोटी लिटर, म्हणजे जवळजवळ दीड लाख कोटी लिटर होते.

पाटबंधारे खात्याच्या बातम्यांत मात्र धरणे टीएमसीत मोजतात. टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फूट, आणि हजार मिलियन म्हणजे एक बिलियन, म्हणून मराठीत त्याला नेमकेपणे अब्ज घनफूट म्हणतात. एका घनफुटात २८.३१७ लिटर मावतात, तेव्हा एक टीएमसी म्हणजे २८,३१७ दशलक्ष लिटर. १४,४७,३६३ ला २८,३१७ ने भागल्यास ५१.१ येते, मुंबईची सातही धरणे मिळून ५१ टीएमसी. एकट्या कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, म्हणजे मुंबईची सात धरणे काठोकाठ भरली, तरी ती कोयनेच्या निम्म्यावरच येतात. दोन्ही आकडे आपापल्या एककांत वर्षानुवर्षे वाचूनही हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

उत्तर बरोबर आले का, हे पडताळण्यासाठी ते माणसाच्या मापावर आणावे. शहराला दररोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी पुरवले जाते, म्हणजे ३९० कोटी लिटर. त्याला २०११ च्या सव्वा कोटीच्या आतल्या लोकसंख्येने भागले की माणशी तीनशेहून थोडे अधिक लिटर पडतात, त्यात उद्योगांचे पाणी आणि गळतीही आली. हे पटण्यासारखे आहे. भागाकारातून तीस लिटर किंवा तीन हजार लिटर आले असते, तर कोठेतरी एक शून्य पडले किंवा चढले असे समजून मागे जावे.

संक्षेपांतल्या ‘एम’ या अक्षराकडेही याच पायरीत लक्ष द्यावे. टीएमसीतला एम दशलक्षाचा आहे, पण नैसर्गिक वायूच्या व्यवहारांत एमएमबीटीयू (दशलक्ष बीटीयू; बीटीयू हे उष्णता मोजण्याचे एकक) लिहितात तेव्हा प्रत्येक एम रोमन आकड्यातल्या हजाराचा असतो आणि हजार गुणिले हजार असे दोन एम मिळून दशलक्ष होते. काही परदेशी बँकांच्या कागदांत म्हणूनच एकटा एम हजारासाठी आणि दुहेरी एम मिलियनसाठी आढळतो. शंका आल्यास पत्र पाठवून विचारावे.

पायरी ७ : यंत्राच्या मर्यादा जाणून घ्याव्यात

एक लाख कोटी ही तेरा अंकी संख्या आहे. बारा अंकी कॅल्क्युलेटरवर ती मावत नाही. अशा वेळी सगळे आकडे कोटींत ठेवून आकडेमोड करावी आणि ‘कोटी’ हा शब्द वहीत शेजारी लिहून ठेवावा.

एक्सेलमध्ये स्वल्पविराम संगणकाच्या सेटिंगप्रमाणे पडतात. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये अंकांचे गट भारतीय पद्धतीचे निवडले की लाख-कोटींचे स्वल्पविराम दिसू लागतात, पण तीच फाइल दुसऱ्याच्या संगणकावर तीन-तीनच्या गटांत उघडू शकते. एक्सेल पंधरा सार्थ अंकांपर्यंतच नेमकेपणा राखते, त्यापुढच्या अंकांची शून्ये होतात. सोळा अंकी कार्ड क्रमांक किंवा लांब खाते क्रमांक म्हणूनच मजकूर म्हणून साठवावेत. संपूर्ण स्तंभ लाखांवरून कोटींत न्यायचा असेल, तर पेस्ट स्पेशलमधील भागाकाराने शंभरने भागावे, परंतु त्याआधी मूळ स्तंभाची प्रत ठेवावी आणि शीर्षकातले एकक त्याच क्षणी बदलावे. ‘नंतर बदलू’ असे म्हटलेले शीर्षक कोणी बदलत नाही.

टॅलीमध्ये चलनाच्या माहितीत रक्कम मिलियनमध्ये दाखवण्याचा पर्याय असतो. तो चालू राहिला असेल, तर छापील पावतीवरची मांडणी आंतरराष्ट्रीय पद्धतीची येते.

पायरी ८ : बोललेला आकडा लिहिलेल्या आकड्याशी जुळवून घ्यावा

शहराबाहेरून आलेल्या आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या सहकाऱ्यांना सर्वांत अडचण येते ती येथे. पाऊण कोटी म्हणजे ७५ लाख, सव्वा कोटी १.२५, दीड कोटी १.५०, पावणेदोन कोटी १.७५ आणि अडीच कोटी २.५०, पुढे साडेतीन, साडेचार असे चालू राहते. जागेच्या व्यवहारांत दलाल ‘एक पंच्याऐंशी’ म्हणतात, ते एक कोटी पंच्याऐंशी लाख. पण ‘एक पाच’ म्हटले, तर तो १.५ की १.०५? दीड कोटी की एक कोटी पाच लाख? पंचेचाळीस लाखांचा फरक या दोन शब्दांत दडलेला असतो. म्हणून कोटींतला आकडा लिहिताना दशांशानंतर नेहमी दोन घरे भरावीत आणि बोलताना ‘लाख’ हा शब्द गाळू नये. पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे मुंबईत राहणाऱ्याला माहीत असावे एवढ्यासाठी नोंदवते; कागदावर ते शब्द कधीही उतरवू नयेत.

खातेवहीत ‘सीआर’ ही अक्षरे जमा बाजूसाठी येतात आणि सादरीकरणांत तीच अक्षरे कोटीसाठी. ‘४५ सीआर’ असे वाचल्यावर आपण खातेवहीत आहोत की सादरीकरणात, हे पाहावे. हाताने लिहिलेल्या कागदात देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळलेले असतील, तर देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा आणि देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो. एका कागदावर एकाच लिपीतले अंक ठेवावेत.

धनादेशावर रक्कम अक्षरी लिहिताना लाख आणि कोटीच वापरावेत : ‘रुपये दोन कोटी पंधरा लाख फक्त’. सध्याच्या सीटीएस पद्धतीत, म्हणजे धनादेशाऐवजी त्याची प्रतिमा पाठवून तो वटवण्याच्या पद्धतीत, रकमेवर खाडाखोड चालत नाही, सही करून दुरुस्ती केली तरीही नाही. नवीन धनादेशच लिहावा लागतो. त्यामुळे पेन टेकवण्यापूर्वी अंकी रक्कम शेजारच्या सहकाऱ्याला दाखवावी आणि ती त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी. तो म्हणेल तेच अक्षरी लिहावे. दोघांचे वाचन जुळले नाही, तर दुसऱ्या पायरीवर परत जाऊन स्वल्पविराम पुसावेत.